साळवे मॅडमचे तीन पावसाळे

कुठलाही नवा नकाशा पडद्यावर आला की साळवे मॅडम आधी चष्मा काढायच्या. तो टेबलावर ठेवायच्या, दोन पावलं मागे सरकायच्या आणि हाताची घडी घालून बघत राहायच्या. त्यांचा नंबर मोठा होता. चष्म्याशिवाय त्यांना रंगांचे पुंजके तेवढे दिसत असणार. पण त्यांना पुंजकेच बघायचे असत.

"आधी धूसर बघायचं," त्या म्हणायच्या. "धूसर बघून जे पटत नाही, ते चष्मा लावून पटवून घ्यायचं नाही."

त्यांची माझी पहिली भेट त्यांच्या कुळगावच्या घरी झाली. मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडून बसलो होतो. त्यांना एका संशोधन प्रकल्पासाठी प्रोग्रॅमर हवा होता आणि संस्था लांब असल्यामुळे काम त्यांच्या फ्लॅटमधूनच चालायचं. दार त्यांच्या आईंनी उघडलं. हॉलमध्ये बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि जेवणाच्या टेबलावर वायरींचा गुंता. मॅडमनी माझ्या बायोडेटाकडे पाहिलंच नाही.

"राहता कुठे?"

"विठ्ठलवाडी. डेपोच्या मागे."

"डोंगर दिसतो तिथून?"

"टेरेसवर गेलं की मलंगगडाची बाजू दिसते."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. भारताचा नकाशा होता, मोठमोठ्या चौकोनांचा. "यात तुमचा मलंगगड शोधा."

मी शोधला. कल्याणपासून घाटापलीकडे पुण्यापर्यंत सगळा एकच चौकोन होता, एकाच निळ्या रंगाचा. त्याचा एक कोपरा समुद्रात होता.

"इथे डोंगरच नाहीये," मी म्हणालो.

"हां. आणि याच्यावरून आपण पन्नास वर्षांनंतरचा पाऊस सांगतो," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून येताय का?"

डॉ. उज्ज्वला साळवे मूळच्या अंबरनाथजवळच्या मोरिवलीच्या. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होते. मॅडम शाळेत अंबरनाथला, पुढे भौतिकशास्त्रात डॉक्टरेट, मग काही वर्षं परदेशात. वडील गेल्यावर आईसाठी परत आल्या आणि बदलापुरात, कुळगावला, घर घेतलं. लग्न केलं नव्हतं. सोसायटीतल्या बायका विचारत, तेव्हा "राहून गेलं" एवढंच सांगत. तेही अशा सुरात, जशी एखाद्या वेळी बाजारातून कोथिंबीर आणायची राहून जाते.

त्यांचं काम होतं संपूर्ण पृथ्वीच्या हवामानाचं मॉडेल चालवणं. म्हणजे वातावरणाचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात वारा, वाफ, उष्णता यांचं गणित पुढे पुढे सोडवत न्यायचं. चौकोन शंभर किलोमीटरचा असला, तर त्यात सह्याद्री म्हणजे एक लांबलचक उतार होतो. ढग तर चौकोनाहून इतका लहान, की तो त्यात दिसतच नाही. मग ढगांच्या जागी एक अंदाजाचं सूत्र घालावं लागतं. मॅडमना ते सूत्र सहन होत नसे. "ढगाच्या जागी ढगाचा दाखला," असं त्या म्हणत. चौकोन तीन-चार किलोमीटरवर आणला की घाट उभा राहतो, मोठे ढग गणितातून स्वतःच तयार होतात, आणि पाऊस दिवसभर भुरभुरण्याऐवजी खऱ्यासारखा कोसळून थांबतो.

अडचण अशी, की चौकोनाची बाजू निम्मी केली की काम दुपटीने नाही, साधारण आठपटीने वाढतं. चौकोन चौपट होतात आणि घड्याळही निम्म्या पावलांनी चालवावं लागतं. महासंगणक दुसऱ्या शहरात होता आणि त्यावरचा ठरावीक वेळ आमच्या वाट्याला आला होता. त्यात तीन-चार किलोमीटरच्या चौकोनांनी फक्त एक पावसाळा निघत होता. समुद्र आणखी तापलेला असेल त्या काळातला एक पावसाळा. त्यानंतर पुढच्या टप्प्यात आणखी वेळ मिळणार होता आणि तो मॅडमनी एका गोष्टीसाठी राखून ठेवला होता. एक किलोमीटरचा पावसाळा. त्यांच्या बाल्कनीतून चंदेरीचा सुळका दिसतो. कपडे वाळत घालताना त्याच्याकडे बघून त्या मला म्हणाल्या होत्या, "एक किलोमीटरला हा पण येईल बघ." त्यांना इतकं मोकळं बोलताना मी फार वेळा ऐकलेलं नाही.

पहिला पावसाळा सुरळीत झाला नाही. हिमालयाच्या कड्यांवर वाऱ्याचे आकडे बेफाम व्हायचे आणि सगळं गणित कोसळायचं. कुठल्याशा एका चौकोनात गडबड व्हायची आणि अख्खी पृथ्वी बंद पडायची. मग पावलं आणखी छोटी करायची, म्हणजे आणखी वेळ खर्च. साठवणुकीचा प्रश्न वेगळाच होता. निघणारी सगळी माहिती ठेवायला जागाच नव्हती. काय ठेवायचं, काय सोडून द्यायचं हे आधी ठरवायला लागे आणि सोडलेलं परत हवं असेल तर सगळं पुन्हा चालवावं लागे. मॅडमनी जगभरचा तासातासाचा पाऊस ठेवला आणि वरच्या थरांतली बरीच माहिती सोडून दिली. ते ठरवायला त्यांना एक आठवडा लागला. त्या आठवड्यात त्या घरात कोणाशी धड बोलल्या नाहीत.

"वीज किती खाते ही मशीन, माहितीये?" एकदा त्यांनी मला विचारलं. "पृथ्वी तापतेय हे बघायला आपण पृथ्वी तापवतोय. थोडी का होईना. म्हणून फालतू रन करायचा नाही."

शेवटी पावसाळा पूर्ण झाला. आम्ही तो पडद्यावर चालवला, तेव्हा त्यांच्या आई हातातली मेथी निवडायची सोडून बघायला आल्या. अरबी समुद्रावरून ढगांच्या रांगा आल्या, माथेरानच्या डोंगररांगेला अडल्या, घाटावर दाटल्या. कुळगावच्या वर एक गडद ठिपका तयार झाला आणि विरला.

"हे तू केलंस?" आईंनी विचारलं.

"मशीनने केलं, आई."

"मग तू काय केलंस?"

"मशीनला चौकोन आखून दिले."

आई पुन्हा मेथीकडे गेल्या. मॅडमनी चष्मा लावला आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.

त्या पावसाळ्याचा एक मोठा नकाशा संस्थेच्या बैठकीसाठी छापायचा होता. उल्हासनगरला कॅम्पातल्या एका फ्लेक्सवाल्याकडे मी मॅडमना घेऊन गेलो. मालक सिंधी होते, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांनी फाइल उघडली आणि कौतुकाने विचारलं, "साईं, डिझाइन अच्छा है. साडी का है क्या?"

"बारिश का है," मॅडम म्हणाल्या.

"अच्छा, अच्छा. हाय-रेझोल्युशन है ना? नहीं तो बडा करने पे फटेगा."

छापणाऱ्यांच्या भाषेत चित्र मोठं केल्यावर त्याचे चौकोन दिसायला लागले की ते फाटतं. मॅडमना हा शब्द इतका आवडला, की पुढे तो आमच्या कामात रुळला. जुन्या मॉडेलला त्या "फाटका पाऊस" म्हणायला लागल्या. परतताना रिक्षात मात्र म्हणाल्या, "आपला फाटत नाही हे बरंय. पण जे चुकीचं असेल ना, तेही आता फाटणार नाही. तेही एकदम झकास दिसेल."

संस्थेत नकाशा सगळ्यांना आवडला. प्रकल्पाच्या प्रमुखांना आम्ही सर म्हणायचो. त्यांनी तो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर घेतला. वर्तमानपत्रांत आला, फोनवरून फिरला. आणि काही महिन्यांनी मॅडमचा धाकटा भाऊ मिलिंद एका रविवारी पेढे घेऊन घरी आला.

मिलिंददादा अंबरनाथला एका कारखान्यात सुपरवायझर होते. बदलापूर पश्चिमेला, नदीपासून फार लांब नसलेल्या एका गृहप्रकल्पात त्यांनी फ्लॅट पाहिला होता. बुकिंग जवळजवळ ठरलं होतं. त्यांनी खिशातून एक गुळगुळीत माहितीपत्रक काढलं. त्यात मॅडमचा नकाशा होता. पावसाचा गडद पट्टा उत्तरेकडे सरकलेला, आणि दक्षिणेकडे जिथे तो प्रकल्प होता तिथे फिकट हिरवा रंग. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'जागतिक संशोधनानुसार सुरक्षित विभाग.'

"ताई, तुझंच आहे ना हे?" मिलिंददादांच्या आवाजात अभिमान होता. "मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. म्हटलं, माझ्या बहिणीने काढलंय."

मॅडमनी पत्रक हातात घेतलं. चष्मा काढला नाही.

"मिलिंद, हा एकच पावसाळा आहे. हा पट्टा इथे आलाय तो खराच इथे येणार की योगायोगाने आलाय, मला माहीत नाही."

"म्हणजे तुझा नकाशा चुकीचा आहे?"

"चुकीचा नाही. एकटा आहे. आणि यात पाऊस आहे, नदी नाही. नदीला वरून कर्जतकडून पाणी येतं, ते या हिरव्या रंगाला विचारून येत नाही."

"मग घेऊ की नको?"

"यावरून घेऊ नकोस, एवढं सांगते."

"घेऊ की नको ते सांग ना, ताई! इतकी शिकलीस, जग फिरलीस. सख्ख्या भावाला एक साधं हो-नाही देता येत नाही तुला?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. मॅडमनी पत्रकाची घडी घालून ते टेबलावर ठेवलं. मिलिंददादा चहा न घेता गेले आणि पेढ्यांचा बॉक्स टेबलावर वायरींमध्ये राहिला.

दुसऱ्या दिवशी मॅडम मला घेऊन त्या प्रकल्पाच्या साइट ऑफिसात गेल्या. आत एसी होता, काचेखाली इमारतीचं छोटं मॉडेल होतं, आणि भिंतीवर आमचा नकाशा पाच-सहा फुटांचा करून लावला होता. हेमंत नावाचा एक तरतरीत मुलगा सेल्सला होता. मॅडमनी नाव सांगितल्यावर तो उठून उभाच राहिला.

"मॅडम, आप खुद! बसा ना. कस्टमरला नदीची भीती वाटते ना, म्हणून लावलंय. एकदम क्लिअर पिक्चर आहे तुमचं."

"ते काढायला सांगायला आलेय."

"पण हे तर तुमचंच आहे ना?"

"माझं आहे. त्यातून तुम्ही जे सांगताय ते माझं नाही."

हेमंतला ते बहुधा कळलं नाही, पण तो वाईट मुलगा नव्हता. बॉसशी बोलतो म्हणाला. मॅडम त्यानंतर दर आठवड्याला तिथे जाऊन शांतपणे खुर्चीत बसायला लागल्या. ग्राहकांनी विचारलं तर खरं काय ते सांगायच्या. थोड्या दिवसांत नकाशा उतरवला गेला. त्या जागी पोहण्याच्या तलावाचं चित्र आलं.

अहवालाच्या मुखपृष्ठावरून नकाशा काढायचं मात्र जमलं नाही. सरांनी फोनवर सांगितलं, की अहवाल वाटून झालाय, पुढच्या वेळी आतल्या पानावर एक टीप टाकू. मी समोर बसलो होतो. मॅडमनी फोन स्पीकरवर ठेवला होता.

"सर, मला तोच पावसाळा पुन्हा चालवायचाय. सुरुवातीची हवा किंचित बदलून. दोनदा."

"त्यात नवीन काय निघणार, उज्ज्वला? आणि वेळ कुठून आणणार?"

"पुढच्या टप्प्याचा."

"त्यातून हे दोन काढले की उरलेल्यात एक किलोमीटर बसत नाही. म्हणजे तो सोडून देणार? तुला कळतंय ना, तो परत मिळणार नाही? उरलेला वेळही दुसऱ्या गटांना जाईल, ते रांगेत आहेत."

"कळतंय."

फोन ठेवल्यावर मी वाद घातला. एक किलोमीटरचा पावसाळा म्हणजे माझ्यासारख्याच्या बायोडेटावरही मोठी गोष्ट होती, आणि मी ते तसं स्पष्ट सांगितलं. त्यांना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "एक किलोमीटरने आणखी सुंदर चित्र येईल. तेही एकच. लोक त्याच्यात आपापली खिडकी शोधतील. मला आधी कळू दे, की माझ्या नकाशातलं काय टिकतं आणि काय उडून जातं."

दुसरा पावसाळा निघाला, तेव्हा गडद पट्टा दक्षिणेकडे होता. पहिल्या नकाशातला फिकट हिरवा भाग यात जवळजवळ काळा झाला होता. मॅडमनी दोन्ही नकाशे शेजारी लावले आणि बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं, पण त्यांना आनंद झाल्यासारखं दिसलं नाही. त्यांनी तासातासाचे आकडे काढायला सांगितले. त्यात एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती. पट्टा कुठेही असो, पाऊस आजच्यापेक्षा कमी वेळात, जास्त जोराने पडत होता. जुन्या मोठ्या चौकोनांच्या मॉडेलमध्ये हे दिसतच नव्हतं. तिथे तोच पाऊस दिवसभर पसरलेला असायचा.

"हे टिकलं," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

मिलिंददादांनी तोवर फ्लॅट घेतला होता. दुसऱ्या नकाशाबद्दल मॅडमनी त्यांना फोन केला होता. पण पहिल्याने सुरक्षित सांगितलं, दुसऱ्याने उलट सांगितलं, म्हणजे दोन्ही सोडून द्यायचे, असा हिशेब त्यांनी केला. तो अगदीच चुकीचा होता असं मला वाटत नाही. नव्या घरी बुद्धवंदना ठेवली होती, तेव्हा मॅडम गेल्या. नव्या बाल्कनीत उभं राहून त्यांनी भावाला एवढंच विचारलं, "पार्किंगचं पाणी कुठे जातं?" मिलिंददादांनी तोंड फिरवलं.

राहायला गेल्यानंतरच्या पहिल्या, खऱ्या पावसाळ्यात तिथे काही झालं नाही. मिलिंददादांनी मुद्दाम फोन करून तसं कळवलं. "एका पावसाळ्यावर जाऊ नकोस," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या वहिनींनी मला नंतर सांगितलं, की फोन ठेवल्यावर मिलिंददादा कितीतरी दिवसांनी हसले.

त्याच वर्षी कुळगावातल्या काही सोसायट्यांनी मॅडमना बोलायला बोलावलं. क्लब हाउसमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. एका काकांनी उभं राहून सरळच विचारलं, "मॅडम, आमची बिल्डिंग बुडणार का ते सांगा. बाकी शास्त्र नको."

"ते माझ्या मॉडेलला माहीत नाही, काका. कोणी सांगितलं की माहीत आहे, तर त्यालाही माहीत नाही." हॉलमध्ये कुजबुज झाली. एकजण उठून गेला. मॅडम थांबल्या नाहीत. "कुठे पडेल ते विचारू नका. कसा पडेल ते विचारा. ते मी सांगू शकते. तासाभरात खूप पडेल. तुमची गटारं दिवसभराच्या पावसाच्या हिशेबाने बांधलीयत. आणि नदीचं पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते जुन्या लोकांच्या भिंतींवर आहे. माझा नकाशा नको, ती ओल बघा."

अर्ध्या लोकांना हे पटलं, अर्ध्यांना फसवल्यासारखं वाटलं. पण तीन सोसायट्यांनी मिळून गटारांची तोंडं रुंद करून घेतली. पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी ढगफुटीसारखी सर आली. मिलिंददादांच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी चढलं. नदी आली नव्हती, गटार तुंबलं होतं. मॅडम तिथे गेल्या, तेव्हा भाऊ-वहिनी बादल्यांनी पाणी काढत होते. मॅडमनी साडी खोचली आणि एक बादली उचलली. त्या दिवसानंतर दर रविवारी मिलिंददादा पुन्हा कुळगावला येऊ लागले.

तिसऱ्या पावसाळ्याला उशीर झाला. महासंगणक बदलण्याचं काम निघालं, आमचा नंबर मागे गेला. त्या थंडीत मॅडमचं पोट दुखायला लागलं. त्यांनी ते अंगावर काढलं आणि तपासण्या झाल्या तेव्हा स्वादुपिंडाचा कॅन्सर पुढे गेलेला होता. डॉक्टर त्यांना समजावून सांगत असताना मी खोलीत होतो. अशा अवस्थेत साधारण किती काळ मिळतो ते डॉक्टरांनी सांगितलं.

"हे किती पेशंटवरून काढलंय?" मॅडमनी विचारलं.

डॉक्टर चमकले. "बऱ्याच. हजारो असतील."

"बरं. म्हणजे एकट्याचं नाही," त्या म्हणाल्या आणि समाधान झाल्यासारखं उशीला टेकल्या.

शेवटच्या दिवसांत त्या कामाबद्दल क्वचित बोलल्या. एकदा म्हणाल्या, "तिसरा आला की घाईने अर्थ लावू नकोस. तीन म्हणजे काही खूप नाहीत." मी हो म्हणालो. उन्हाळा सुरू व्हायच्या आधी त्या गेल्या.

तिसरा पावसाळा त्यानंतर पूर्ण झाला. पट्टा पहिल्या दोन्हींच्या मधे कुठेतरी होता आणि सरी तशाच होत्या, थोड्या वेळाच्या आणि जोरदार. मी तिन्ही नकाशे एकाच आकारात शेजारी शेजारी ठेवून शोधनिबंध लिहिला. त्यावर पहिलं नाव त्यांचं आहे. मुखपृष्ठासाठी कोणी विचारलं नाही. प्रकल्प बंद झाला आणि मी पुन्हा कंपनीत नोकरीला लागलो. एक किलोमीटरचा पावसाळा दुसऱ्या एका गटाने काढला. तो मी पाहिला आहे. त्यात चंदेरी दिसतो.

मॅडमना जाऊन वर्ष झालं, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मिलिंददादांच्या फ्लॅटवर झाला. भंतेजी गेल्यावर जेवणं झाली, पाहुणे पांगले. आई बाल्कनीत खुर्चीवर बसल्या होत्या. मिलिंददादा माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"ताईचा नकाशा फ्रेम करायचाय. आईला इथे भिंतीवर हवाय. तुमच्याकडे असेल ना?"

"आहे," मी म्हणालो. "पण तीन आहेत. कुठला देऊ? तुमची बिल्डिंग हिरव्यात आहे तो देऊ?"

त्यांनी थोडा वेळ भिंतीकडे पाहिलं, हाताने अंदाज घेतला, आणि मधला सोफा जरा बाजूला सरकवला.

"तिन्ही द्या," ते म्हणाले. "जागा आहे."